दोन छत्रे एक करावयाची मसलत वाकी नदीच्या उतारावर कैसी जाहली

श्री. ज्या समुद्राने बेटास चहूंकडोन एकच किनारा दिला, त्या समुद्रास प्रथम नमन. दुसरे नमन मेघास, जो कोणाच्या मुलुखावर वर्षावे याची चौकशी करीत नाही. तिसरे नमन वाचणारांस. आपण पुसिले जे, एका बेटावर दोन राज्ये शेजारी नांदतात, ती पुढेमागे एक होतील की नाही? त्यास आमच्या ऐकण्यात व पाहण्यात जे आले ते लिहितो. शके सोळाशे एकसष्ट, सिद्धार्थी नाम संवत्सर, वैशाख मास, ते समयीची ही हकीकत.

पश्चिम समुद्रात एक बेट, त्याचे मध्ये डोंगराची रांग, आणि डोंगरातून वाकी नावाची नदी निघोन दक्षिणेस समुद्रास मिळते. नदीचे अलीकडे उगवतीचे राज्य आणि पलीकडे मावळतीचे. देव एक, भात एक, मासळी एक, भाषाही बहुत करोन एकच. इतकेच की मावळतीचे लोकांचे जिभेस 'ळ' वळत नसे, ते 'ल' म्हणत. मागे मावळतीच्या राजाने फौज घेऊन नदी ओलांडिली आणि दोन तपे उगवतीचा मुलूख दाबोन ठेविला, मानकऱ्यांस किल्ल्याच्या दरवाज्यास टांगिले, गुरेढोरे नेली. मग उगवतीचे लोक उठले आणि त्यांनी आपले राज्य सोडवोन घेतले. तेथे वैर संपावे, ते न संपले. पुढे उगवतीचे गादीवर जे महाराज आले त्यांचे मनी भय बसले जे, मावळतीचे मजूर पोटासाठी नदी उतरोन येतात, वस्ती करितात, उद्या मुलूखच घेतील. म्हणोन त्यांनी सरलष्कर धारराव यांस हुकूम केला, आणि धारराव फौज घेऊन, नदी जेथे पायी उतरता येते त्या उतारावरील दुतीर गावी आले, आणि एकेकास पुढे घेऊन 'जांभूळ' म्हणावयास लाविले. ज्याचे मुखातून 'जांभूल' निघाले तो तेथेच कापिला गेला. पाणी तांबडे जाहले, हे लिहिताना लेखणी जड होते. तेव्हापासोन उतार बंद, दोन्ही तीरांवर चौक्या, आणि दुतीर गाव अर्धे इकडे, अर्धे तिकडे ऐसे पडोन राहिले. ते महाराजही पुढे कैलासवासी जाहले आणि पोटी संतान नाही म्हणोन राणी भिवराबाईसाहेब राज्य पाहू लागल्या.

ऐशास मावळतीचे मुलुखी पावसाने लागोपाठ दगा दिला. त्यांचे डोंगर पूर्वीच उघडे पडले होते, झाडे तोडोन गलबते बांधिली होती, म्हणोन जे पाणी पडे तेही न थांबता समुद्रास जाई. उगवतीकडे मात्र रान दाट आणि डोंगरावर जुना बंधारा, त्यात बारमाही पाणी. मावळतीचे राजे जानराव महाराज वयाने तरुण, आईबाप दोघेही लहानपणी गेलेले. त्यांचे सरदार रोज दरबारी म्हणत जे, नदी ओलांडावी, बंधारा घ्यावा, मरावयाचेच तर लढोन मरावे. जानराव महाराज नुसते ऐकोन घेत. मग एके दिवशी त्यांनी आपले वकील सोनो विश्वनाथ यांस बोलाविले आणि कानी काही सांगोन उगवतीकडे रवाना केले. सोनोपंत भिवराबाईसाहेबांचे दरबारी आले, मुजरा केला, आणि म्हणाले, "आमचे महाराजांनी निरोप दिला आहे की, मुलूख मागावयास येत नाही, आई मागावयास येतो. बाईसाहेबांनी मला दत्तक घ्यावे. पुढे दोन्ही गाद्या एका घरात येतील, आणि लढावयास शत्रूच उरणार नाही."

शास्त्र्यांस विचारिले, तो त्यांनी पोथ्या पाहोन सांगितले की दोन्ही घराण्यांचे गोत्र एकच निघते, मूळ पुरुषही एकच असावा. हे दोन्हीकडील मानकऱ्यांस फारसे रुचले नाही. सरलष्कर धारराव हे बाईसाहेबांचे नात्याने दीर, वयाने वृद्ध, पाठीचा कणा मात्र ताठ. ते उठोन बोलिले, "वहिनीसाहेब, आजा तरवार घेऊन आला, नातू पदर धरावयास येतो. मुलूख जावयाचा तो दोन्ही वाटांनी जातोच." बाईसाहेब म्हणाल्या, "भावोजी, तरवार घेऊन आले त्यांस तुम्ही परतविले. पदर धरू पाहणारास मी कैसी परतवू? आणि न घेतला तर त्याचे सरदार त्यास घेऊन रणातच येतील. एकवेळ मुलास डोळ्यांनी पाहू तरी द्या." आणि त्यांनी वैशाखात दुतीरच्या उतारावर भेटीची तजवीज करविली.

नदीचे पाणी उन्हाळ्यामुळे घोट्याइतके जाहले होते. पात्रातील वाळूवर शामियाना दिला, अर्धा या राज्याचे कापडाचा, अर्धा त्या राज्याचे. जानराव महाराज आले आणि बाईसाहेबांचे पाया पडले. बाईसाहेबांनी त्यांस जवळ घेतले आणि पहिला शब्द हाच बोलल्या जे, इतका कसा रे वाळलास. महाराजांस हसू आले आणि डोळेही भरोन आले. दोन्ही तीरांवर रयत बहुत जमली होती. ब्राह्मणांनी संकल्पाचे पाणी बाईसाहेबांचे हाती द्यावयास पळी उचलली, इतक्यात पलीकडील तीरावरोन एक बाई लुगड्याचा काचा मारोन पाण्यातून सरळ शामियान्याकडे आली. ती मावळतीकडील अर्ध्या दुतीरची पाटलीण, नाव भागाबाई. भालदार आडवे जाहले, परंतु महाराज म्हणाले, येऊ द्या, माझी रयत आहे. भागाबाईने दोघांसही हात जोडिले आणि उभ्यानेच बोलली.

"महाराज, बाईसाहेब, तुमी आजपासून मायलेक होनार, ते चांगलंच. पन आमी दोन तीरांची मानसं अजून शेजारीसुद्धा झालो नाही. माझा नवरा त्या पलीकडच्या चिंचेखाली पडला. त्या सकाली त्याला कुनी नाव पुसलं नाही, गुन्हा पुसला नाही. एक शब्द म्हनायला लावला. मी पोरीला पाठीशी बांधून याच पान्यातून पलाले. एका छत्राखाली आमाला बसवाल, पन शेजारी बसलेला कोन, हे आमी पुसू नये का?"

भिवराबाईसाहेबांनी विचारिले, "कोणता शब्द तो?" भागाबाई म्हणाली, "जांभूल." बाईसाहेब आसनावरोन उठल्या, पाण्यात उतरल्या, पाटलिणीपुढे उभ्या राहिल्या आणि दोन्ही तीरांवर ऐकू जाईल ऐशा आवाजाने म्हणाल्या, "जांभूल." आणि पुढे म्हणाल्या की हा शब्द आजपासोन आमचे मुलुखी ऐसाही शुद्ध आणि तैसाही शुद्ध, आणि हुकूम गेला तो आमचे घरचे शिक्क्याने गेला, तेव्हा तो दोष आमचा आहे. ते ऐकोन धारराव पुढे आले. बाईसाहेबांनी हाताने थांबविले, तरी थांबले नाहीत. त्यांनी डोईची पगडी उतरोन वाळूवर ठेविली आणि बोलिले, "शिक्का महाराजांचा, पण शब्द विचारणारा मी. माझे बापास यांचे आज्याने दरवाज्यास टांगिले होते, तेच माझे डोळ्यांपुढे होते. समोर उभा होता तो कोण, हे मी पाहिलेच नाही." भागाबाई त्यांचेकडे बहुत वेळ पाहत राहिली. वृद्ध मनुष्य, उघडे डोके, वैशाखाचे ऊन. मग ती म्हणाली, "सरकार, क्षमा माझ्यानं होनार नाही. पन ऊन फार आहे. सावलीला बसा."

तेव्हा जानराव महाराज उठले, वाळूवरील पगडी आपले हाती उचलली, झटकली आणि धाररावांचे मस्तकी ठेविली. म्हणाले, दरवाज्यावरचे पाप माझे घरचे आहे, ते मी जाणतो. मग बाईसाहेबांकडे वळोन म्हणाले, "मातुश्री, आज विधी राहो. आधी दोन तीरांची माणसे शेजारी होऊ द्या." बाईसाहेबांनी संकल्पाचे पाणी संकल्प न करिताच नदीत ओतविले आणि दत्तविधान तहकूब जाहले. मावळतीचे सरदार चडफडले जे, ना मुलूख मिळाला, ना छत्र, आता पाण्याचे काय? त्यावर बाईसाहेबांनी तेथेच सांगितले की पाण्यासाठी लेक व्हावे लागत नाही; बंधाऱ्याचे मावळतीकडील दार उद्यापासोन मोकळे, आणि त्या मुलुखातील डोंगरावर झाडे लावावयास आमची रोपे व आमची माणसे येतील. उताराच्या चौक्या उठविल्या. दोहों राज्यांतील तंटा उद्भवल्यास दोहोंकडील पंच एकत्र बसोन निवाडा करतील ऐसे ठरले. दुसरे दिवशी पाणी आले, आणि ज्या घोड्यांवर बसोन लढाईस निघावयाचे होते, तीच घोडी त्या पाण्यावर आली आणि पोटभर प्याली. लढाईची गोष्ट मग कोणी काढिली नाही.

येथोन सर्व सुरळीत जाहले ऐसे लिहिल्यास खोटे होईल. पहिल्याच हंगामी दुतीरचे बाजारी मासळीवरोन भांडण पेटले आणि उगवतीचे शिपायाने मावळतीचे एका भोयास काठीने फोडिले. दोन्ही तीरांवर माणसे जमू लागली. धारराव तोवर सरलष्करी सोडोन दुतीरासच येऊन राहिले होते. ते पंचांमध्ये बसले आणि आपलेच शिपायास चाकरीवरोन दूर करोन भोयाचे घरी त्याचेकडोन दाणे पोहोचविले, तेव्हा जमाव पांगला. चिंचेभोवती त्यांनी दगडी पार बांधविला आणि तेथे जे पडले त्यांची नावे त्यांचे घरच्यांस विचारोन विचारोन कोरविली. काहींनी नावे सांगितली, काहींनी दारे लाविली. भागाबाई त्यांचेशी कधी बोलत बसली नाही. दुपारी ताकाचा तांब्या मात्र पाठवी, आणि तो रिकामा परत येई. ऐसे ते वारले तोवर चालिले.

जानराव महाराज दरसाल दिवाळीस बाईसाहेबांकडे येत. बाईसाहेब आपले हाताने उटणे लावीत, घावने वाढीत, आणि राज्यकारभारात चूक दिसल्यास सर्वांदेखत रागे भरत. दत्तविधान पुन्हा कोणी काढिले नाही, परंतु नाते लागले. रोपे लाविली होती ती मावळतीचे डोंगरांवर माणसाचे उंचीची जाहली. इकडच्या मुली तिकडे नांदावयास जाऊ लागल्या, तिकडच्या इकडे, आणि त्यांची पोरे कोणास 'ळ' म्हणावे आणि कोणास 'ल' हे ज्याचे त्याचे तोंड पाहोन ठरवीत.

पुढे भिवराबाईसाहेबांस देवाज्ञा जाहली. तेव्हा उगवतीचे दरबारी मोठा घोर पडला. चितेस अग्नी पुत्राने द्यावा, आणि अग्नी देईल तो गादी मागेल. जानराव महाराज फौज न घेता, छत्र न घेता, अनवाणी आले आणि वाड्याचे दारी उभे राहोन मानकऱ्यांस म्हणाले, "अग्नी द्यावयास आलो आहे. गादी तुमची, ती तुम्ही ठरवा. मला माझ्या आईचे करू द्या." तेव्हा मानकऱ्यांतील जो सर्वांत कडवा, तोच बाजूस सरला आणि वाट दिली. महाराजांनी अग्नी दिला, तेरावे होईपर्यंत जमिनीवर निजले, आणि मग उठोन आपले राज्यास गेले. गादीवर बाईसाहेबांची भाची सगुणाबाईसाहेब बसल्या. त्यांचा पहिला हुकूम ऐसा जे, वर्षातून एकवार दोन्ही दरबार दुतीरास एकत्र भरावे. आणि तो तैसा भरू लागला.

त्यानंतरचे आषाढात वाकीस ऐसा पूर आला जैसा कोणी पाहिला नव्हता. नदीने आपली वाट बदलिली, आणि तीरावर राज्यांच्या हद्दीचे जे मोठे कोरीव दगड होते ते सर्व वाहोन गेले. पाणी ओसरल्यावर दोन्ही दरबारांनी आपापले कारकून धाडिले जे, दगड शोधोन जागेवर बसवावे. कारकून दुतीरास पोहोचले, तो गावकऱ्यांनी दोन्ही तीरांचे दगड गाळातून ओढोन काढिले होते आणि त्यांचा नदीवर नवा घाट बांधिला होता. अक्षरे खाली गेली होती, सपाट बाजू वर. त्यावर बायका लुगडी धूत होत्या आणि पोरे उड्या टाकीत होती. कारकुनांनी पाटलास दरडाविले, पाटलाने सांगितले की दगड चांगले होते, वाया कशास जावे. दोघे कारकून घाटावर बसले, पाय पाण्यात सोडिले, गावाने दिलेल्या फणसाचे गरे खाल्ले, आणि संध्याकाळी दोघांनीही आपापले दरबारी एकच लिहोन पाठविले: हद्द पाहिली, लोक सुखी आहेत, दगड सापडत नाहीत. दोन्ही दरबारांनी ते वाचोन दप्तरी ठेविले आणि नवे दगड मागविले नाहीत.

येणेप्रमाणे हकीकत. आजमितीस छत्रे दोनच आहेत, नाणी दोन आहेत, आणि तंटेही होतात. एक होतील काय म्हणोन पुसाल, तर त्याचा मुहूर्त आम्हांस ठाऊक नाही. घाट मात्र मजबूत आहे, आणि माणसे दोहोंकडोन उतरतात. इति.