नऊ पाटांची खुर्ची

तात्याजी पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी रीतसर "बसा" म्हटलं, आणि त्यांनी समोरची खुर्ची उचलून उलटी केली.

उलटी म्हणजे अगदी चारही पाय पंख्याकडे. मग खिशातून चष्मा काढला, कंबरेत वाकले आणि खुर्चीची खालची बाजू बघत राहिले. मी हातात पाण्याचा पेला घेऊन तशीच उभी. झाशीत येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. समोरच्या माडीवर मराठी माणूस राहतो हे कळल्याच्या आनंदात मी सकाळी चिवडासुद्धा केला होता. आणि हा मराठी माणूस माझ्या डायनिंगच्या खुर्चीचं पोट तपासत होता.

"मागचा डावा पाय ढिला आहे, बेटा," ते शेवटी म्हणाले. "कोण बसतं हिच्यावर?"

"मीच. दिवसाचे नऊ तास."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की, मी लहान मुलाला मारताना सापडले की काय असं मला वाटलं. पाणी न पिता ते माडीवर गेले, पेचकस घेऊन परत आले, पाय घट्ट केला, खुर्ची सरळ केली आणि मगच तिच्यावर बसले. चिवडा मात्र दोनदा मागून घेतला.

मी पुण्याच्या एका कंपनीत घरून काम करते. काम म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. नवऱ्याची पोस्टिंग जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीत, आणि मी इथे गल्लीत एका खोलीत कानाला हेडफोन लावून दिवसभर "आपली गैरसोय समजू शकते" म्हणत बसलेली. माझी स्वतःची पाठ वर्षभर तक्रार करत होती, पण तिचं ऐकणारा विभाग नव्हता.

तात्याजींच्या घराण्यातले कुणी फार पूर्वी कोकणातून इकडे पूजेअर्चेसाठी आले आणि राहिले. 'तात्या'ला 'जी' इथल्या लोकांनी लावलं. तात्याजी बोलतात मराठीच, पण मध्येच त्यांची गाडी हिंदीत शिरते आणि त्यांना पत्ताही नसतो. नोकरीभर ते एका सरकारी कार्यालयात फर्निचरच्या कोठाराचे बाबू होते. कार्यालयातल्या प्रत्येक खुर्चीच्या खाली पांढऱ्या रंगाने नंबर घालायचं काम त्यांचं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी खुर्ची दिसली की हात शिवशिवतात.

"माणूस तोंडाने बोलतो, खुर्ची पोटाने बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते कुठेही आणि कुणालाही ऐकवतात. बँकेत एकदा त्यांनी मॅनेजरला "जरा उठिए साहब" म्हणून उभं केलं होतं. मी तिथेच पासबुक घेऊन रांगेत होते. तो बिचारा उठला! सगळी बँक बघत असताना स्वतःच्या केबिनमध्ये भिंतीला टेकून उभा राहिला आणि तात्याजींनी त्याच्या फिरत्या खुर्चीची चाकं मोजली. दुसऱ्यांदा मी हबकले ते सदर बाजाराजवळच्या एका लग्नात. नवरा-नवरी स्टेजवर यायला निघाले, बँड वाजतो आहे, आणि तात्याजी स्टेजवर एकटे. त्यांनी ते लाल मखमलीचं, सोनेरी सिंहाच्या तोंडाचं सिंहासन आडवं पाडलेलं. वधूचा मामा धावत गेला. खाली एक पाय खरंच तुटलेला होता आणि तारेने बांधलेला होता. त्याबद्दल आभार कुणी मानले नाहीत. वधूपक्षाने तात्याजींना जेवायला मात्र पहिल्या पंगतीत बसवलं, बहुधा लवकर घरी जावेत म्हणून.

तर अशा माणसासमोर मी चुकून म्हणाले की, पाठीसाठी आता ऑफिसची खुर्ची मागवते, ऑनलाइन.

"न बसता?" त्यांचा आवाजच फुटला. "फोटो बघून? अग, चपलासुद्धा घालून बघतात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तात्याजी, आणि काखेत दोन्हीकडे जेवणाचे पाट. शिसवी, कोपऱ्यांत पितळेची फुलं ठोकलेले. ठेवून पुन्हा गेले, पुन्हा आले. एकूण अकरा पाट आमच्या अंगणात. आता पूजा घालायची की पंगत, मला कळेना.

"एकावर एक रचतो. तू बस," ते म्हणाले. "पाय टेकले की सांग."

मी पस्तीस वर्षांची बाई, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, अंगणात पाटांच्या उतरंडीवर बसलेली. समोरच्या गच्चीवरून पापड वाळत घालणाऱ्या भाभीजी बघतच राहिल्या. नऊ पाटांवर माझे पाय लोंबकळले. आठांवर बोटं टेकली. सातांवर तळवे सपाट बसले, गुडघे नीट काटकोनात आले.

"सात," तात्याजी म्हणाले. "तू सात पाटांची आहेस. लक्षात ठेव, विसरू नको."

असली गोष्ट कोण विसरणार?

शनिवारी आम्ही ऑटो करून सदर बाजारात गेलो. मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. तात्याजींनी पिशवीतून वर्तमानपत्र, पाण्याची बाटली आणि पुरी-भाजीचा डबा काढला तेव्हा माझा चेहरा पडला. दुकानदार गुप्ताजी, गोल, शांत माणूस. तात्याजींना बघून त्यांनी नोकरालाही सांगितलं नाही, स्वतःच पंखा लावला.

"आइए तात्याजी. आज फिर?"

'फिर' ऐकून मला जरा नवल वाटलं, पण विचारायला सवड मिळाली नाही. तात्याजींनी एकेक खुर्ची उलटी करायला घेतली होती.

"पहिली दहा मिनिटं सगळ्याच खुर्च्या गोड वागतात," ते मला सांगत होते. "खरा स्वभाव पाऊण तासाने कळतो. कॉम्प्युटर आणलास ना? काढ. काम कर."

"इथे?"

"मग कुठे? घरी काम करायचं आहे ना हिच्यावर?"

त्या दिवशी माझी अर्धी शिफ्ट होतीच. मी सदर बाजारातल्या फर्निचरच्या दुकानात, गठ्ठ्यांच्या आणि गाद्यांच्या मधोमध लॅपटॉप उघडून तक्रारी ऐकल्या. नागपूरच्या एक बाई मिक्सर बंद पडल्याचं रडकुंडीला येऊन सांगत होत्या आणि माझ्या मागून तात्याजींचा आवाज, "भैया, ये तो चूँ-चूँ करती है, दूसरी दिखाओ!" बाईंनी विचारलं, तुमच्याकडेही काही बिघडलंय का. मी हो म्हणाले.

जाळीच्या पाठीची त्यांनी नापास केली, कारण "घामाला सोय, कण्याला नाही". जाड गादीची नापास, "दोन महिन्यांत खड्डा". एकीचे हात इतके उंच की मी सतत खांदे उडवत असल्यासारखी दिसत होते. साडेतीन तास झाले. डबा संपला. आणि मग कोपऱ्यातल्या एका काळ्या खुर्चीपाशी ते थांबले. उलटी केली. बराच वेळ बघितलं. हात फिरवला. सरळ केली, बसले, डोळे मिटले. वर्तमानपत्राची चार पानं त्यांनी तिच्यावर वाचली.

"हीच," ते म्हणाले. आवाज अगदी बदललेला. "हीच ती. ये, बस."

मी बसले. माझे पाय जमिनीपासून चांगले अर्धी वीत वर राहिले. पाठ मागे टेकवायला गेले तर मी खुर्चीत आडवी होऊ लागले.

"तात्याजी, पाय टेकत नाहीत."

"टेकतील."

"कसे टेकतील? मी आता वाढणार आहे का?"

गुप्ताजींनी बाजूचा दांडा दाबला. खुर्ची होती तिथेच. "इससे नीचे नहीं आती, दीदी."

मला आता राग आला. अकरा पाट वाहून आणले, भाभीजींसमोर माझी शोभा केली, सात म्हणून घोकून घेतलं, आणि हे? "तात्याजी, मी सात पाटांची! तुम्हीच म्हणालात!"

तात्याजी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. उत्तर गुप्ताजींनी दिलं, अगदी हळू. "दीदी, ये नाप बिटिया का है. नौ पाट. दो साल से इसी को ढूँढ रहे हैं."

तात्याजींना मुलगी आहे हेच मला माहीत नव्हतं. चार महिने हा माणूस माझ्या घरी चिवडा खात होता, जगातल्या सगळ्या खुर्च्यांविषयी बोलत होता, आणि मुलीविषयी अक्षर नाही.

शरयू तिचं नाव. बंगळूरला असते. माझ्यासारखंच काम, पण वरच्या हुद्द्याचं. उंचीला बापापेक्षाही जास्त. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला लॅपटॉप घेऊन आली होती, महिनाभर राहून इथूनच काम करणार म्हणून. पण त्या घरात खुर्ची नाही. आयुष्यभर सरकारी खुर्च्यांना नंबर घालणाऱ्या माणसाच्या घरात एकही खुर्ची नाही, तिथे पाटावरच बसायची रीत! पोरगी एका पाटावर बसली, दुसऱ्या दोन पाटांवर लॅपटॉप. चौथ्या दिवशी पाठ धरली. गाडीत आडवी पडून परत गेली. जाताना म्हणाली, पहले कुर्सी लाइए बाबा, फिर आऊँगी.

"मग इतके दिवस घेतली का नाही?" मी विचारलं. "इथे ढीग आहेत!"

तात्याजींनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला नाही.

"खुर्ची नाही, म्हणून ती येत नाही. ठीक आहे," ते म्हणाले. "खुर्ची आणली आणि तरी नाही आली, तर मग ती कशामुळे येत नाही, ते मला कळेल ना बेटा."

मला इतकं वाईट वाटलं की मी नको ते करून बसले. मी गुप्ताजींना म्हणाले, "हीच बांधा. मी घेते."

हा शुद्ध वेडेपणा होता आणि तो करताना मला पक्कं माहीत होतं. संध्याकाळी नवऱ्याने फोनवर विचारलं, "बरी आहे का खुर्ची?" मी म्हटलं, बरी आहे, पाय टेकत नाहीत. त्याने ते वाक्य मला परत म्हणायला लावलं.

तात्याजींनी माडीवरून दोन पाट आणून माझ्या पायाखाली ठेवले. "सात आणि दोन नऊ," एवढंच म्हणाले. त्यानंतर चार दिवस ते रोज येत, दारातूनच खुर्चीकडे बघत आणि परत जात. तिच्यावर बसले नाहीत. पाचव्या दिवशी मी त्यांना धरलंच, हाताला धरून आत आणलं. खुर्ची गल्लीत आलेली आहे, आता सबब नाही, फोन लावा. ते म्हणाले, ती कामात असेल. मी म्हटलं, मीही कामातच आहे. ते म्हणाले, उद्या. मी त्यांचा फोन त्यांच्या हातात दिला.

तात्याजी फोन नेहमी स्पीकरवर ठेवूनच बोलतात, त्यामुळे मी ऐकणार नाही म्हटलं तरी ऐकलं.

"शरयू, खुर्ची आली," ते म्हणाले.

"कौनसी कुर्सी, बाबा?"

ती विसरली होती. गाडी सुटताना बोललेलं एक वाक्य, तिच्या लक्षातही नव्हतं. आणि याने दोन वर्षं त्या वाक्याच्या नावाने सदर बाजार पालथा घातला. मला त्या क्षणी त्या न पाहिलेल्या मुलीचा भयंकर राग आला. तात्याजींकडे बघण्याची हिंमत होईना.

त्यांनी मागे हात करून आधार चाचपला. हाताला ती काळी खुर्ची लागली आणि ते तिच्यावर बसले. एकदम, धप्पकन. नवी गादी सुस्कारल्यासारखी वाजली.

"बाबा? ये आवाज़ कैसी?"

"काही नाही. खुर्चीवर बसलो."

"नई वाली पर? उलटी करके देखी?"

"नाही."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"नाही बघितली?" या वेळी ती मराठीत बोलली, अडखळत, शब्द शोधत. आवाज घाबरलेला होता. "तुम्ही... न बघता बसले? बाबा, काय झालं तुम्हाला? तब्येत बरी आहे ना? कोणी आहे का तिथे?"

"आहे. शेजारची आहे. मी बरा आहे. फक्त खुर्ची आली, ते सांगायला..."

"तुम्ही बरे नाहीत," ती म्हणाली. "थांबा. मी येते. मी येऊन बघते."

फोन ठेवल्यावर तात्याजींनी डोळे पुसले, चष्मा घातला. मी पाणी आणलं, ते या वेळी प्यायले. मग जणू अचानक आठवल्यासारखे ताडकन उठले, खुर्ची उचलली, चारही पाय वर केले आणि खाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

"ठीक आहे," ते म्हणाले. खुर्ची सरळ करून त्यांनी तिच्यावर माझीच एक जुनी चादर नीट अंथरली आणि माझ्याकडे वळले. "बेटा, ती येईपर्यंत यावर बसू नकोस हं. गादी दबेल."

खुर्ची माझी, घर माझं, पाठ माझी.

शरयू पुढच्या महिन्यात येते आहे, तिने तिकीट काढल्याचं कळवलं. तोवर मी पुन्हा त्याच डायनिंगच्या खुर्चीवर बसून लोकांच्या तक्रारी ऐकते आहे. मागचा डावा पाय परत ढिला झाला आहे, पण मी तात्याजींना सांगितलेलं नाही. ते सध्या माडीवर जळमटं काढतायत.