शुल्टे घराण्याचा तक्ता

"आडनाव शुल्टे आहे, ते कळलं. पण घराणं कुठलं?" वासंतीबाईंनी लेकीला विचारलं आणि सुखदाचं लुकासशी व्हायचं लग्न ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या त्या स्वयंपाकघरात अडलं.

सुखदा युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत काम करायची. पुराव्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती. लुकासला पणजोबांपलीकडचं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून तिनेच जर्मनीतल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या ऑनलाइन धुंडाळायला घेतल्या. दोघांना देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला नोकऱ्या मिळाल्या होत्या. पण आईचा होकार आला की मगच ते सांगायचं, असं ठरलं होतं.

आठवड्याभरात तिने कळवलं, की शुल्टे हे कामावरून पडलेलं आडनाव. गावचा कारभार पाहणारा, सारा गोळा करणारा माणूस.

"म्हणजे पाटील," सुखदाचे वडील अजितराव मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले.

वासंतीबाई खुलल्या. शनिवारपर्यंत पार ब्लॅकटाउनच्या मैत्रिणींनाही कळलं, की यांचा जावई जर्मनीतला पाटील आहे.

सुखदाने इथेच थांबायला हवं होतं. पण तक्त्यात १८३१ सालचा एक चौकोन रिकामा होता आणि तो तिला बघवेना. भरला तेव्हा कळलं, की लुकासचा सहा पिढ्यांमागचा पूर्वज मुळात पाववाल्याचा मुलगा. त्याने शुल्ट्यांची मुलगी केली, तिच्या शेतावर राहायला गेला आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्या शेताचंच नाव लावू लागला. तिचे वडील आणि आजोबाही असेच बाहेरून आलेले. एक विणकर, एक गवळी.

लुकासचं म्हणणं, लग्नानंतर सांगू. सुखदाला चुकीची नोंद तशीच ठेवणं जमेना. रविवारी जेवताना तिने तक्ता आईपुढे ठेवला. लुकास मान खाली घालून थालीपीठ खात राहिला.

वासंतीबाईंनी चष्मा लावून एकेका चौकोनावर बोट फिरवलं. "पाटील नाहीत तर."

"नाही."

"आणि हे तिघंही बायकोच्या घरी राहायला गेले?"

"हो."

"कायमचे?"

"मरेपर्यंत. नोंदी आहेत, आई."

वासंतीबाईंनी तक्ता बाजूला सारला. मग त्यांनी लुकासच्या थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवला.

"अहो, मागची खोली रिकामी करायला घ्या. त्यांच्या घरची रीत आपण कशाला मोडायची?"

लुकासला त्यातलं काहीच कळलं नाही. पण लोणी पाहून त्याचा जीव भांड्यात पडला होता. "नो वरीज, आंटी," तो म्हणाला.

सुखदाने तक्ता पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत तपासला. एकही चूक सापडली नाही.