बाबांची वेळ संपली

बाबांना टॅब घेऊन द्यायचं मी एकट्याने ठरवलं, हे आधीच कबूल करतो. (अक्षया, म्हणजे आमची ही, म्हणाली होती, "आधी त्यांना विचारा." पण विचारून काम करायची माझी सवय ऑफिसपुरती.)

बाबा जहाजावरून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. तेव्हापासून रोज दुपारी भाट्याला आमच्या ओटीवर त्यांचा आणि महिपतकाकांचा बुद्धिबळाचा डाव. डाव कसला, मुक्कामच. एका चालीला तास सहज जायचा. काका मध्येच घरी जाऊन आंघोळ करून यायचे आणि मग उंट हलवायचे. डाव अर्धा राहिला की पटावर जेवणावरचं जाळीचं झाकण घालायचे, कारण मांजर वजीर पाडायची.

गणपतीनंतर महिपतकाका गेले. एका दिवसात. बाबा दुपारी नुसतेच बसून राहू लागले. मला बघवेना. कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळता येतं असं ऑफिसात कळलं, म्हणून टॅब आणला. ओटीवरच्या टेबलावर जागा करायला पट उचलला, मोहरे डब्यात भरले, टॅब मांडला. भाषा मराठी ठेवली (अभिमान), आवाज पूर्ण ठेवला (बाबांना कमी ऐकू येतं) आणि प्रत्येकाला दहा मिनिटांची मर्यादा होती ती तशीच राहू दिली (अज्ञान).

बाबा काही बोलले नाहीत. मी ते समाधान समजलो.

चौथ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या गंगुबाईंचा फोन आला.

"सर्वेशा, बाबांची वेळ संपली रे."

"काय म्हणता?"

"माझ्या कानांनी ऐकलं. कोण बाई तीनतीनदा सांगत होती. बाबा टेबलावर मान टाकून बसलेत. अक्षयापण घरात नाही. माझा काय पुढे जायचा धीर होत नाही."

"कुठली बाई?"

"नर्स असेल."

आमच्या घरात नर्स कुठून आली, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. मी मुंबईला मृणालीला, माझ्या बहिणीला, फोन लावून रडलो. तिने मिळेल ती गाडी पकडली. इकडे मी, आमचे साहेब आणि आणखी दोघे मोटारसायकलींवरून निघालो. वाटेत साहेबांनी हार घेतला.

बाबा ओटीवर चहा पीत होते.

"एवढे जण कशाला?" त्यांनी विचारलं. मग त्यांची नजर हारावर गेली. "हा कोणासाठी?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. टेबलावरचा टॅब नेमका तेव्हाच बोलला, "तुमची वेळ संपली."

बाबांनी साहेबांच्या हातून हार घेतला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला घातला. "महिपतला होईल. त्याची मुलं घराला कुलूप लावून गेली. तिथे कोण घालणार."

साहेब आणि ते दोघे चप्पल न वाजवता निघून गेले. मी टॅब हातात घेतला.

"बाबा, ही वेळेची मर्यादा काढता येते."

"काढ. त्याने काय होणार? मी अर्धा तास विचार करून प्यादं सरकवणार आणि बोट उचलायच्या आत त्याची चाल झालेली असणार. महिपत तासभर लावायचा. पण तो तासभर समोर असायचा रे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू हौसेने आणलास." कप खाली ठेवत म्हणाले, "आमचा डाव मोडलास, तेव्हाही नाही बोललो."

"कुठला डाव?"

"जाळीखाली होता तो. चाल महिपतची होती."

मी डबा काढून आणला. दुसरं काही सुचेना. बाबांनी एकेक मोहरा आठवून मांडला. एका प्याद्याशी बराच वेळ अडले, मग तेही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी मृणाली आली (तिला खरं काय ते कळवायचं राहूनच गेलं होतं), बाबांना बघून रडली आणि मग चहा होईपर्यंत मला बोलत राहिली. दुपारी मी महिपतकाकांच्या जागी बसलो. (अक्षयाने आधी खुर्चीवरचा हार काढला. म्हणाली, "तुमच्या गळ्यात आल्यासारखा दिसतो.") काकांची राहिलेली चाल मीच पुरी करायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. तास आणि वर दहा मिनिटं विचार केला. बाबा शांतपणे समोर बसून होते. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा जरा सैल झालेला दिसला. मी घोडा उचलला आणि ठेवला.

बाबा पटाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले,

"महिपत बघायला नाही, तेच बरं."