कारकुनांचं रोजचं मरण

मृत्यू-नोंदणीच्या खोलीत एकटेच बसणाऱ्या कारकुनांना एकच काम होतं. रुग्णालयाकडून एक्सेलमध्ये यादी यायची आणि ते एकेक नाव, वय, कारण जुनाट सॉफ्टवेअरमध्ये चढवत बसायचे. मान मोडून यायची. घरी गेल्यावर बायकोशी चार शब्द बोलायचंही त्राण उरायचं नाही. शेवटी त्यांच्या भाच्याला दया आली आणि त्याने एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. बटण दाबलं की माऊस आपला आपण फिरायचा, रकाने आपले आपण भरायचे.

"मामा, चाचणीसाठी कुठलंही एक नाव सांगा," भाचा म्हणाला.

कुठलंही म्हणजे कुणाचं? मयतांच्या यादीत जित्या माणसाचं नाव घालायचं? शेजाऱ्याचं नाव ओठांवर आलं होतं, पण जीभ रेटेना. कारकुनांनी मुकाट्याने स्वतःचं नाव सांगितलं. मृत्यूचं कारण: कंटाळा.

चाचणी झकास झाली. भाचा लांबच्या नोकरीवर निघून गेला. ते नाव मात्र प्रोग्रामच्या पोटातच राहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून यादीच्या आधी रोज पहिली नोंद कारकुनांची होऊ लागली.

"हजेरीच्या मशीनवर तुमच्या नावापुढे मयत येतंय," शिपाई घाबरून म्हणाला.

कारकून साहेबांकडे धावले. साहेबांनी मान वर केली नाही. "दुरुस्तीचा अधिकार नोंदणी कारकुनाला. म्हणजे तुम्हालाच. करा की स्वतःला जिवंत, मला काय विचारताय?"

भाच्याला फोन केला, तर "सुट्टीत आलो की बघतो" एवढंच उत्तर. मग कारकुनांनीच चाचपडत प्रोग्राममधली एक ओळ खोडली. ते वाचले, पण यादीतलं पहिलं नाव गळालं. एक मुलगा आईच्या मृत्यूचा दाखला मागायला आला.

"नोंदीत त्या हयात दिसतायत," कारकून म्हणाले.

मुलगा क्षणभर असा बघत राहिला, जणू आई गेली हीच खरंच चूक असावी. कारकुनांना स्वतःची भयंकर शरम वाटली. त्यांनी खोडलेली ओळ होती तिथे परत घातली.

तेव्हापासून रोज सकाळी मरायचं आणि चहा यायच्या आत दुरुस्ती करून उठायचं, हा त्यांचा नेम झाला. हाताने काम करायला ते आता तयार नव्हते. संध्याकाळी बायकोसोबत फिरायला जाता येत होतं. "बऱ्याच वर्षांनी माणसात आलात," ती म्हणाली होती. तेवढ्यासाठी थोडं मरायला त्यांची हरकत नव्हती.

मग ताप आला. बटण दाबायचं काम शिपायाला सांगून कारकून अंथरुणाला खिळले. दुरुस्तीचं सांगायचं तापाच्या गुंगीत राहूनच गेलं.

बरे होऊन आले, तर फलकावर त्यांचा फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. खोलीतली खुर्चीही गायब.

"वाईट झालं," साहेब म्हणाले.

"साहेब, मी समोर उभा आहे!"

"दिसतंय हो. पण तुम्ही गेल्यावर काम जराही अडलं नाही, हे वरच्यांच्या लक्षात आलं. पदच रद्द केलं त्यांनी."

"दोन मिनिटांत दुरुस्ती करतो."

"ती फक्त नोंदणी कारकून करू शकतो," साहेबांनी हळहळत मान हलवली. "आणि ते वारले."

तेवढ्यात शिपाई आत आला. त्याने संगणकापुढे हात जोडले, डोळे मिटले आणि मगच बटण दाबलं.

"पहिलं नाव तुमचंच येतं ना," तो कारकुनांना म्हणाला. "नुसतंच दाबायला बरं वाटत नाही."