देवडीवरल्या चार पाटांची हकीकत

ऐका मंडळी, जरा सरकून बसा, एका राज्याची हकीकत सांगतो, जैसी कानी आली तैसी, पदरचं फार घालणार नाही. ज्यानं माणसाला आठव दिला आणि वर विसरही दिला त्या श्रीस आधी दंडवत. शके सतराशे दोन, शार्वरी नाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमीस वर्तमान जाहले ते ऐसे.

राज्य म्हणाल तर नारळाएवढे, तुमच्याआमच्या डोक्याएवढेच, आणि धनी महाराज ते खांद्यांवर घेऊनच हिंडत. डोळे, कान, नाक, जीभ, कातडी ऐशा पाच वेशींतून बातम्या धावत येत, आणि आत जाणेस वाट एकच, ती देवडीवरून. देवडीवर पाट चार. पाचवा ना बापजाद्यांनी मांडला ना कोणास मांडता आला. तेथे सुभानजी नाईक पहाऱ्यास असत, मिशा पांढऱ्या, तोंड फटकळ, मन लोण्याचे. त्यांचा रिवाज ऐसा, की बातमी पाटावर बसली की घंगाळात भोकाची वाटी सोडावी, आणि वाटी बुडायच्या आत धन्यांनी फिरून पुकारले तर बसू द्यावे, आणि चारदा पुकारले अगर आत कोणी सोयरा निघाला तर कोठारात पोचती करावी, आणि कोणी विचारलेच नाही तर "उठा बाई, मागं रांग लागलीया" म्हणोन वाटेला लावावी.

त्या दिवशी धनी नदीपार जात होते, आणि घाटाशी त्यांची लेक मंजुळा पाण्यात पडली, आणि एका नावाडणीने उडी घालून पोर वर काढली. धन्यांनी पोरीस कवटाळीत नावगाव पुसले. "सगुणा, पैलाडच्या पिंपळदरीची," ऐसे बोलोन ती वाहवत चाललेली होडी धरायला धावली. नाव पाटावर बसले, नाईकांनी वाटी सोडली, तोच कारभारी ओरडत आले, "महाराज, पालखी आणू का घोडा? वैद्य कोणता बोलावू? कोरडी वस्त्रं कुठली? घरी सांगावा कोण नेईल?" चार सवाल एकदम देवडीवर चढले, आणि इकडे वाटी बुडाली, आणि धन्यांनी नाव फिरून घेतले नव्हते, मग नाईकांनी रिवाजाप्रमाणे सगुणाबाईस उठविले.

दुसरे दिवशी धनी लुगडंचोळी घेऊन बसले आणि नावच नाही. मग क्रोधास चढले.

"नाईक, माझ्या लेकीचा जीव जिनं राखला तिलाच हाकललंस?"

"धनी, तुमी एकदा तरी फिरून हाक मारायची हुती. मला काय सपान पडतंय व्हय?"

"आजपासून कुणालाही उठवायचं नाही. आणि पाच दिवसांत ते नाव आलं नाही तर पहारा सोडायचा."

नाईकांची हयात त्या उंबऱ्यावर गेली होती. तरी हुकूम मानून कोणास उठवीनात. पाटांवर येऊन बसले कोण, तर एका माशीची भुणभुण, कारल्याच्या भाजीची चव, बोहारणीची आरोळी आणि जोडा चावतो ही तक्रार, आणि कोणी हलेना. धनी घास उचलीत आणि तोंडाकडे न्यायचे विसरत. तिसरे दिवशी मंजुळा जवळ येऊन म्हणाली, "आबा, अंग लई तापलंय." ते बोल कानाच्या वेशीतून आले आणि देवडीबाहेरच ताटकळले. पोर दुसऱ्यांदा बोलली. तेव्हा नाईकांनी हुकूम गुंडाळून ठेविला, झाडू घेतला, माशी, कारले, बोहारीण, जोडा सगळे झाडून काढिले आणि पोरीचे बोल पाटावर बसविले. धनी दचकले, वैद्य आले, काढा दिला, पहाटेस ताप उतरला.

मग धनी देवडीवर आले, नाईकांचा हात धरला. "तुझ्या झाडूनं पोर ऐकू आली रे. पण त्या माउलीचं ऋण तसंच राहिलं."

"घाटावर चला," नाईक म्हणाले. "घाबरल्या येळी आतलं दार सताड उघडं असतं. हाकललेलं एखादं उलटं आत सटकतं. त्याला फकस्त हाक मिळाया हवी."

घाटावर जाताच भिजल्या दोरखंडाचा वास नाकाच्या वेशीतून थेट कोठारात गेला, आणि कोपऱ्यात ओलीचिंब बसलेली सगुणाबाई उठोन उभी राहिली. धनी चारदा म्हणाले, "सगुणा, पिंपळदरी," आणि नाईकांनी डोळे पुसत नाव रीतसर कोठारात नेले. पैलाड जाऊन मंजुळेच्या हातून लुगडंचोळी दिली, तर नावाडीण हसली, "यवढ्यासाठी आलासा? म्या तर इसरले बी. सालाला दोनचार काढतेच की पाण्यातनं." धनी तिच्या पाया पडले, आणि नाईकांचा पहारा कायम जाहला.

ऐसे वर्तमान. नाईकांनी झाडले म्हणोन लेक ऐकू आली, घाटाने हाक दिली म्हणोन उपकार पोचते जाहले, दोहोंस मुजरा. आता मंडळी, एवढं करा. तुमचं ज्यानं कधी भलं केलं असेल, त्याचं नाव इथनं उठायच्या आधी तोंडानं चारदा घ्या.