दिगूकाकांची फ्रिजतपासणी

दिगूकाकांनी सिंगापुरातल्या आमच्या पुंगोलच्या घरात पाऊल टाकलं, चपला काढल्या, देवाला नमस्कार केला आणि सरळ जाऊन फ्रिज उघडला. पाणी प्यायला नव्हे, बघायला. दोन्ही हात पाठीमागे बांधून, कमरेत वाकून त्यांनी वरच्या खणापासून भाजीच्या कप्प्यापर्यंत सगळं निरखलं, दह्याच्या भांड्यावरचं झाकण उचलून वास घेतला आणि दार लावत म्हणाले, "शिरीष, संसार बरा चाललाय तुझा. फक्त मिरच्या सडल्यात."

मानसीने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडे असं बघितलं की जणू मिरच्या मीच सडवल्या होत्या.

दिगूकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. संगमनेरला नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होते. उभा जन्म हॉटेलांचे भटारखाने तपासण्यात गेला. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, काकू जाऊन पाच, पण तपासणी काही सुटली नाही. "माणूस तोंडाने वाट्टेल ते सांगतो रे," ते म्हणायचे, "फ्रिजला तेवढी अक्कल नसते." कुठल्याही घरात गेले की चहा नंतर, फ्रिज आधी. नातेवाइकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

आता माझा स्वभाव. मी बँकेत जोखीम विभागात आहे. म्हणजे काय काय वाईट होऊ शकेल याचा दिवसभर विचार करण्याचा मला पगार मिळतो, आणि घरी मी हेच काम फुकट करतो. काका चार आठवडे राहणार म्हटल्यावर मी बागांची, पक्ष्यांची, केबल कारची तिकिटं काढून ठेवली, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी केली, जवळचा दवाखाना बघून ठेवला. उन्हाळ्याच्या सुटीत आलेल्या पाहुण्याला शहर दाखवायचं, दुसरं काय?

काकांनी बॅग उघडली तर आत दोन शर्ट, एक धोतर आणि अकरा डबे.

प्रत्येक डबा पांढऱ्या कापडात शिवलेला, वर निळ्या शाईने नाव. संगमनेरच्या त्यांच्या कॉलनीतली अकरा पोरं सिंगापुरात शिकायला नाहीतर नोकरीला. कोणी जाणार म्हटलं की डबे निघणारच. आपल्याकडे ती पद्धतच आहे. पण बाकीचे लोक डबा पोचवतात आणि मोकळे होतात. काकांनी अकरा घरांना शब्द दिला होता की मी पोरांना डोळ्यांनी बघून येईन.

"आणि ही बाग, पक्षी?" मी विचारलं.

"पक्षी आपल्याकडेही आहेत," काका म्हणाले.

अकरावा डबा सायलीचा होता. तो त्यांनी शेवटच्या, निवांत भेटीसाठी बाजूला काढून ठेवला. सायलीची आई लीलावहिनी काकांच्या शेजारी राहतात, शिवणाचे क्लास घेतात. सगळ्या डब्यांची कापडं त्यांनीच शिवली होती. नवरा नाही, दुसरं मूल नाही. सायली वन-नॉर्थला, इथल्या प्रयोगशाळांच्या भागात, संशोधन करायची, नावाच्या आधी डॉक्टर लावायची. पण दोन महिने झाले, ती व्हिडिओवर येत नव्हती. 'लॅबमध्ये आहे', 'बिझी आहे', एवढेच निरोप. लीलावहिनी काकांना म्हणाल्या होत्या, "दिगूभाऊ, मला बाकी काही नको. तिला बघा आणि मला सांगा."

तर आमचं शहरदर्शन सुरू झालं. वाटेत सिंहाच्या तोंडातून पाणी पडतं तो पुतळा लागला. लोक फोटो काढत होते. काकांनी विचारलं, "ह्यात क्लोरीन घालतात का?" मला माहीत नव्हतं. "मग कशाला उभं राहायचं?" म्हणाले आणि आम्ही पुढे एका डब्याच्या घरी गेलो.

मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. ओळख ना पाळख, रविवारी सकाळी परक्या पोरांच्या दारात उभं राहायचं, आणि दार उघडताच हा माणूस आत घुसून फ्रिजपाशी. कोणी तक्रार केली तर? काकांना काही झालं तर? पण पोरं आश्चर्य वाटावं इतकी गोड वागत होती. तीन रविवारांत बरेच डबे पोचले. शेवटच्या रविवारी वन-नॉर्थजवळच्या दोघांच्या फ्रिजमध्ये दूध, अंडी आणि एक हिरवागार कोबी, लाल रबरबँड लावलेला, बाजूला नखाएवढा काप. काकांनी तिथूनच दोघांच्या आयांना फोन लावला, "बघितलं. भाजी आहे घरात." पुढच्या घरी दूध, केळी आणि कोबी. तिसऱ्या घरी, यिशुनला, गौरी नावाच्या मुलीकडे, पुन्हा कोबी. मी जरा वाकून बघितलं. तोच लाल रबरबँड, आणि बाजूला तोच नखाएवढा काप. तोच कोबी आमच्या आधी मेट्रोने प्रवास करत होता!

मी काही बोललो नाही. काका खूश होते, आणि मला कोणाचं भांडण नको होतं. गौरीच्या घरात आतल्या खोलीचं दार बंद होतं. काकांनी तिकडे एकदा बघितलं. "रूममेट झोपलीये," गौरी घाईने म्हणाली. काकांनी तिच्या आईला फोन केला आणि आम्ही निघालो.

सायलीचा पत्ता तिथून दोन इमारती पलीकडे. दार एका चिनी आजीबाईंनी उघडलं. सायलीचं नाव ऐकून त्यांनी हात हलवला आणि इथल्या लकबीच्या इंग्रजीत म्हणाल्या, "मूव्ह आऊट ऑलरेडी. वन मंथ लाह."

काका डबा छातीशी धरून उभे राहिले. कुठे गेली, त्या बाईंना माहीत नव्हतं. गौरीला फोन केला, तीही माहीत नाही म्हणाली. सायलीचा फोन वाजत राहिला आणि बंद झाला.

संध्याकाळी साडेसातला लीलावहिनींचा फोन आला. काका म्हणाले, "अजून भेट नाही झाली." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पलीकडून ती बाई नुसतं "बरं" म्हणायची. काकांचं जेवण अर्ध्यावर आलं. माझी आठ वर्षांची इरा त्यांना म्हणाली, "आजोबा, यू नेव्हर ईट लाह," तर तिच्या डोक्यावरून हात फिरवून उठून गेले. आणि त्यांचं विमान होतं शनिवारी.

गुरुवारी अकरा वाजता मी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. वन-नॉर्थच्या, सायलीच्या लॅबच्या इमारतीचा पहारेकरी, तमिळ माणूस. म्हणाला, तुमचे अंकल तीन दिवस इथे रोज सकाळी सातपासून दाराशी उभे असतात, आत जाणाऱ्या प्रत्येक मुलीचं तोंड बघतात. मी त्यांना खुर्ची दिली आहे, पण आता ऑफिसातले लोक विचारायला लागलेत.

 घरी ते आम्हाला सांगत होते, खाली बागेत बसतो म्हणून! ह्या वयात, ह्या उकाड्यात, परक्या शहरात, मुलींची तोंडं बघत! पोलीस, दंड, वृत्तपत्र, सगळं एका मिनिटात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मीटिंग सोडून मी धावलो.

काका खुर्चीवर होते, मांडीवर डबा, पायाशी पाण्याची बाटली. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"काका, काय चाललंय हे? ती सज्ञान बाई आहे! तिला भेटायचं नसेल!"

"तसं ती मला सांगू दे. मग मी उठतो."

"अहो, मग वहिनींना सांगून टाका ना भेटली म्हणून! चांगली आहे म्हणून! त्यांच्याही जिवाला शांतता, तुमच्याही."

काकांनी मान वर करून बघितलं. "न बघता सही करत नाही मी, शिऱ्या. आयुष्यात केली नाही."

मी संतापलो. पण काकांवर किती संतापणार? मी बाजूला जाऊन गौरीला फोन केला आणि तिच्यावर संतापलो. तिला म्हटलं, तुमचा तो कोबी मी ओळखलाय, आता सायली कुठे आहे ते सांग, नाहीतर हा म्हातारा इथे चक्कर येऊन पडेल.  ती रडायलाच लागली. सायली तिच्याच घरी होती. त्या रविवारी बंद दाराआड तीच होती. काका यायच्या आधी पोरांच्या ग्रुपवर निरोप फिरला होता, 'फ्रिजकाका येतायत, तयारी ठेवा.' आणि सायलीने हात जोडून सांगितलं होतं की मला दाखवू नका.

अर्ध्या तासाने दोघी आल्या. सायलीला बघून मला कळेना, ही तिशीची बाई आहे की दहावीत नापास झालेली मुलगी. काकांच्या पुढे येऊन उभी राहिली, खाली बघत. प्रोजेक्टचा पैसा संपला, मार्चमध्ये करार संपला. कुठे कुठे अर्ज केले, काही नाही. दोन आठवड्यांत देश सोडायचा. आईने सगळ्या कॉलनीत पेढे वाटले होते, तिला कुठल्या तोंडाने सांगू, एवढंच ती परत परत म्हणत होती.

मला वाटलं, आता काका बोलणार. काही तरी ऐकवणार. काकांनी खिशातून घडीचा छोटा चाकू काढला, डब्याचं कापड उसवलं, झाकण उघडलं आणि एक डिंकाचा लाडू तिच्या हातावर ठेवला. "आधी हा खा. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तू." पहारेकऱ्यालाही एक दिला, गौरीला एक. "आणि तुमचा तो कोबी," गौरीला म्हणाले, "दुसऱ्या घरीच ओळखला होता मी. हॉटेलवाले वर्षानुवर्षं हेच करत आलेत."

"मग आईला का सांगितलं नाहीत?" गौरीने विचारलं.

"भाजी होती ना घरात? होती. तेवढंच सांगितलं."

मग त्यांनी फोन काढून लीलावहिनींना लावला. सायलीचा घास तोंडातच राहिला.

"वहिनी, भेटली. समोर उभी आहे. लाडू खातेय." फोन स्पीकरवर होता. वहिनी म्हणाल्या, "बारीक झालीये का?" "झालीये थोडी." "आणि फ्रिज बघितलात, दिगूभाऊ?"

काकांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. 'बघितला, भरलेला आहे', तीन शब्द फक्त. ते त्यांच्या ओठांपर्यंत आलेले मला दिसले. आयुष्यात पहिल्यांदा ते न बघता सही करायला निघाले होते.

सायलीने फोन ओढून घेतला. "आई, फ्रिज नाहीये माझ्याकडे. खोलीच नाहीये. नोकरी गेली गं." आणि मग तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या माणसांसमोर, ती हुंदके देऊन रडली.

लीलावहिनींनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "लाडू बाहेर ठेवले तरी टिकतात. रोज दोन खा. आणि विमान कधीचं ते सांग, मी मुंबईला घ्यायला येते."

परतीच्या मेट्रोत काका माझ्याशेजारी बसले होते, रिकाम्या हातांनी. ह्या चार आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्याजवळ डबा नव्हता. माझा राग कधीच ओसरला होता. खरं तर मला त्यांचा अभिमान वाटत होता, आणि तसं मी त्यांना म्हणालो.

"कसला अभिमान," काका म्हणाले. "वृंदाच्या बाबतीत चुकलो ते निस्तरतोय."

वृंदा त्यांची मुलगी. पुण्यात असते, संगमनेरहून चार तासांवर. तिचं काही बिनसलंय हे कानावर होतं, पण आमच्याकडे कोणी विचारत नाही.

"तिचीही नोकरी गेली होती एकदा," काका म्हणाले. "आम्हाला सांगितलं नाही. मी न कळवता गेलो, फ्रिज उघडला. आत एक ब्रेड आणि लोणचं. तिच्या मैत्रिणींसमोर अर्धा तास बोललो मी तिला. काय काय बोललो! तेव्हापासून घरी बोलवत नाही."

"फोनवर बोलता ना?"

"रोज. उचलते ती. कशी आहेस विचारलं की म्हणते, 'मजेत, बाबा. सगळं ठीक आहे.'"

समोरच्या सीटवर एक बाई झोपलेल्या बाळाला वारा घालत होती. काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"लीलावहिनींचं नशीब बघ," ते म्हणाले. "पोरगी आईजवळ रडली. वृंदा सहा वर्षांत माझ्याजवळ एकदा रडलेली नाही रे."