शालिकरामची काख

डबीत काय आहे हे बापाला न सांगण्यात निकेशचा एकच फायदा होता: लाज वाचणार होती. तेवढ्यासाठी तो "लघवी हाये, बाबा" म्हणून मोकळा झाला.

निकेशला गाठींचा कॅन्सर. गुरुवारपासून नागपुरात औषधं सुरू होणार होती. त्या औषधांनी बाप होण्याची ताकद जाऊ शकते, म्हणून आधी वीर्य गोठवून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण दवाखान्याच्या खोलीत, दाराबाहेर नर्स नावं पुकारत असताना, त्याला काही जमेना. मग लॉजवर जमवायचं आणि तासाभरात डबी पोचवायची, असं ठरलं. निकेशच्या अंगात ताप, बायको पायल त्याच्या उशाशी. न्यायला उरला बाप, शालिकराम.

शालिकरामनं तीस वर्षं सावली गावच्या तलावातली मासोळी बाजारात नेलेली. नाजूक माल म्हटल्यावर त्यानं रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला, डबी त्यात पुरली आणि वीस मिनिटांत ऐटीत दवाखान्याच्या लॅबमध्ये हजर झाला.

"सगळं मेलं की हो!" लॅबवाली म्हणाली. "अंगाइतकं उबदार ठेवायला सांगितलं होतं!"

शालिकराम लॉजवर येऊन तापला. "लघवी मरते का बे? काय होतं त्यात?"

निकेशनं चादर डोक्यावरून ओढली.

"मामाजी," शेवटी पायलच सासऱ्याला म्हणाली, "तुमचा नातू होता."

शालिकरामनं उरलेला बर्फ मोरीत ओतला. "मंग जितं न्याचं हाये, हे सांगाले काय झालं? बर्फ मेलेल्या मासोळीले लागते. तलावात सोडाचं जिरं, मासोळीची बारीक पिलं, मी बर्फात नेतो का?"

बुधवारी दुसरी, आणि शेवटची, डबी. शालिकरामनं ती बनियनच्या आत काखेत धरली, वरून दुपट्टा आवळला, तीन जिने चढला आणि भरल्या बाकांसमोर सदरा काढत ओरडला, "पोराचं हाये, जितं हाये, लवकर घ्या बाई!" बाकावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले.

लॅबवाली अर्ध्या तासानं बाहेर आली. "जिवंत आहेत. पण आजारानं कमी झालेत, काही लाखच."

"लाख?" शालिकराम म्हणाला. "आमी लाखभर जिरं सोडतो, तवा कुठी हजारेक मासोळ्या हाती लागते. तुमाले त एकच पायजे ना?"

निकेश बरा झाला. चार वर्षांनी त्याच गोठवलेल्या डबीतून पायलला रुपाली झाली. तिला काखोटीला मारून शालिकराम बाजारात बसतो, आणि गिऱ्हाईकानं नुसतं "कोनाची हे?" विचारलं तरी बर्फापासून सुरू होतो. निकेश तराजू टाकून मागच्या गल्लीत पळतो. नागपुरात वाचवलेली लाज तो दर बाजाराला अशी व्याजासकट भरतो आहे. शालिकरामनं मात्र त्या लाजेतली बारक्या चिंगळीएवढीही अजून भरलेली नाही.